कार्ड कंपनीचं, खोली मालकाची

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचून आधी हसूच आलं. नव्या नोकरीची बातमी एका ओळीत उरकलीस आणि खाली हॉटेलच्या मेंबरशिपबद्दल प्रश्नांची ही रांग! अभिनंदन तर आहेच. बाकीचं फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र.

मेंबर हो की नको, याचं उत्तर सोपं आहे: हो. पैसे पडत नाहीत, दर मुक्कामाला पॉइंट जमतात आणि ते वापरून पुढे फुकट राहता येतं, मेंबरांचा दर जरा कमी असतो, वायफाय बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं. खरी गंमत त्यापुढची आहे. वरच्या वर्गातली खोली, उशिरा चेकआउट, लाउंज, नाश्ता हे सगळं नेमकं कोणाच्या खिशातून येतं ते समजून घे. नाहीतर दर खेपेला काउंटरवर उभा राहून डोकं फिरवून घेशील.

दारावर ज्या कंपनीची पाटी असते, तिच्या मालकीची ती इमारत बहुतेक वेळा नसतेच. मालक कुणी तिसराच असतो. कंपनी त्याला नाव देते, बुकिंगची यंत्रणा देते, नियमांचं जाडजूड बाड देते आणि या सगळ्याची फी घेते. काही ठिकाणी त्याच्या वतीनं हॉटेल चालवतेसुद्धा. तू मेंबर नंबर देऊन राहिलास की तुझ्या बिलातला काही टक्के वाटा मालकाला योजनेच्या खात्यात भरावा लागतो. तुझे पॉइंट तिथून निघतात. पुढे तेच पॉइंट वापरून तू फुकट राहिलास की कंपनी मालकाला पैसे देते. साधारण रीत अशी, की हॉटेल बरंच रिकामं असेल तर किरकोळ रक्कम, आणि जवळजवळ भरलेलं असेल तर नेहमीच्या दराच्या आसपास. म्हणजे तुला सलाम ठोकणारा एक आणि त्या सलामाचा खर्च सोसणारा दुसरा.

आता काउंटरवर ये. मागे एका मोठ्या शहरात रात्री उशिरा पोचलो. हातातल्या अ‍ॅपवर त्याच रात्रीचे स्वीट, म्हणजे बैठकीच्या जागेसकट मोठ्या खोल्या, विक्रीला दिसत होते. मेंबर म्हणून त्यातला एक मिळेल का, मी आपलं सहज विचारलं. समोरच्या मुलानं स्क्रीन किंचित स्वतःकडे वळवला, दोन-तीन कळा दाबल्या आणि म्हणाला, "सर, आज उपलब्ध नाही." मी अ‍ॅप दाखवलं नाही. त्याला वरून सांगितलेलं असणार, आणि रात्री अकरानंतर त्या बिचाऱ्याशी वाद घालून मला काय मिळणार होतं? वर खोलीत गेलो तर टेबलावर सुबक अक्षरात लिहिलेलं कार्ड: "पुन्हा स्वागत." त्या हॉटेलात मी आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं! कंपनीच्या दप्तरी मी जुना गिऱ्हाईक, मालकाच्या दारी नवखा. दोन्ही खरंच होतं म्हणा.

म्हणून नियम वाचताना एकाच गोष्टीवर डोळा ठेव. "उपलब्धतेनुसार" लिहिलंय, की "हमखास"? उदाहरणार्थ, मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय योजनेत वर्षात किती रात्री राहिलास त्यावर मेंबरची पातळी ठरते; त्यातल्या गोल्डला दुपारी 2 पर्यंतचं चेकआउट उपलब्धतेनुसार आहे. प्लॅटिनमला मात्र 4 पर्यंतचं, रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन (परिषदांची) हॉटेलं सोडली तर, हमखास आहे. स्वीट मात्र प्लॅटिनमलाही उपलब्धतेनुसारच, आणि उपलब्ध काय हे ठरवणार हॉटेल. मला विचारशील तर स्वीटपेक्षा ते दुपारी 4 चं चेकआउट कितीतरी मोलाचं. मीटिंग संपवून परत यायचं, आंघोळ करायची, स्वतःच्या खोलीत पाय पसरून तासभर पडायचं आणि मग विमानतळ गाठायचा. झोपेत काढायच्या एका रात्रीसाठी मोठा सोफा घेऊन मी काय करू?

हे प्रकरण मुळात विमान कंपन्यांचं. अमेरिकन एअरलाइन्सनं 1981 च्या मे महिन्यात प्रवाशांचे मैल मोजून त्यावर बक्षीस द्यायला सुरुवात केली. 1983 मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट दोघांनी आपापल्या योजना काढल्या, 1987 मध्ये हिल्टन आलं. कल्पनेतली चलाखी बघ: राहतो एक, बिल भरतो दुसरा. पैसे ऑफिसचे, आणि पॉइंट तुझ्या नावावर. तुझ्या नव्या ऑफिसला वाटेल की हॉटेल आपण निवडलं, पण यादीतल्या दोन हॉटेलांपैकी तुझं बोट कुठे जाणार हे योजनेनं आधीच ठरवलेलं असतं. मी याला लाच म्हणत नाही, पण तिची सख्खी चुलत बहीण म्हणायला माझी हरकत नाही. ऑफिसचा नियम आधी विचारून घे. काही ठिकाणी यावर बारीक नजर असते.

बुकिंग थेट कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून कर. तिऱ्हाईत ट्रॅव्हल साइटवरून केलंस तर सहसा पॉइंटही मिळत नाहीत आणि रात्रीही मोजल्या जात नाहीत. कारण उघड आहे. त्या साइटला हॉटेल घसघशीत कमिशन देतं, आणि तू त्या वाटेनं जाऊ नयेस म्हणून तर हा सगळा खटाटोप. ऑफिसचा ट्रॅव्हल डेस्क बुक करणार असेल तर तुझा नंबर बुकिंगमध्ये टाकायला सांग आणि चेक-इनला पुन्हा विचार. नंतर रात्री जमा करून घ्यायच्या म्हणजे ईमेलचं गुऱ्हाळ.

पॉइंट साठवून ठेवू नकोस, हे जरा ठासून सांगतो. तुला साठवायची सवय आहे, मला माहीत आहे. पॉइंट ही अशी नोट आहे, की छापणाराही तोच आणि तिची किंमत ठरवणाराही तोच. मॅरियटमध्ये पूर्वी कोणत्या हॉटेलला किती पॉइंट लागतील याचा तक्ता असायचा. मार्च 2022 मध्ये तो काढला, आणि आता रोख दराप्रमाणे पॉइंटचा आकडाही वरखाली होतो. शिवाय 24 महिने खात्यात काहीच हालचाल नसली तर पॉइंट बुडतात. साठलेत ना, मग सलग पाच रात्री घे. पॉइंटवर घेतल्या तर त्यातली एक फुकट पडते. वहिनीला आणि मुलांना घेऊन जा. तुझ्या फिरतीची खरी किंमत तेच मोजणार आहेत.

पातळीच्या मागे लागणाऱ्यांची जातच वेगळी असते. बॉनव्हॉयमध्ये सिल्व्हरला वर्षाला 10 रात्री, गोल्डला 25, प्लॅटिनमला 50, टायटॅनियमला 75. डिसेंबर आला की कुणाच्या चार रात्री कमी पडतात, कुणाच्या सहा, आणि मग स्वतःच्याच शहरात खोली घेऊन चेक-इन करतात, झोपायला घरी! पुढच्या वर्षीच्या मानासाठी या वर्षीचे पैसे. हिशेब मांडला तर क्वचितच जुळतो. आणि इतक्या लोकांना प्लॅटिनम मिळालेलं असतं, काहींना तर नुसत्या क्रेडिट कार्डावर, की संध्याकाळी लाउंजमध्ये खुर्ची मिळायची मारामार. दर खुर्चीत एक लॅपटॉप आणि एक चार्जर, कुणी कुणाशी बोलत नाही. मी दहा मिनिटांत उठतो.

एक गंभीर गोष्ट. मॅरियटनं 2016 मध्ये स्टारवुड ही दुसरी हॉटेल कंपनी विकत घेतली, 2018 च्या ऑगस्टमध्ये दोन्हीकडच्या योजना एकत्र केल्या आणि त्याच नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं, की स्टारवुडच्या आरक्षणाच्या माहितीत 2014 पासून कुणीतरी शिरलेलं होतं. त्यात लाखो लोकांचे पासपोर्ट नंबरही होते. तू कुठे राहतोस, कधी जातोस, हे सगळं या खात्यात असतं. पासवर्ड वेगळा ठेव, आणि विचारतील तेवढीच माहिती दे, जास्तीची नको. पॉइंट चोरीला जातात हेही लक्षात असू दे, कधीमधी खातं उघडून बघत जा.

आता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, कोणत्या कंपनीची योजना घ्यावी. ते मी इथून सांगू शकत नाही. तुला ज्या शहरांत जायचंय तिथे, कामाच्या ठिकाणाजवळ, ऑफिसच्या दरात बसणारं कुणाचं हॉटेल आहे यावर ते ठरणार. दोन योजनांत रात्री वाटल्यास तर दोन्हीकडे कोराच राहशील. तेव्हा शहरांची यादी आणि ऑफिसची मर्यादा कळव, मग बसून ठरवू. वहिनीला नमस्कार.

तुझाच,
(ओळखलंस ना अक्षर?)