शाश्वत म्हणायचं तर उजनीचा तळ आधी राखा

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

सोलापुरात आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही बहुतेक रात्री. चावीवाला येऊन गेला की आई उठते. आधी पिण्याच्या घागरी भरते, मग ड्रम, मग हाताला लागेल ते पातेलं. शेवटच्या दिवशी ड्रमच्या तळाशी उरलेल्या पाण्याला ती कुणाला हात लावू देत नाही. उद्या नळ आलाच नाही तर काय करायचं, ही तिची भीती.

सोलापूरला पाणी देणारं उजनी सुमारे ११७ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, त्यातला जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी नसलेलं तळाचं पाणी. आपला ड्रमचा तळ तो हाच. २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं (ही टक्केवारी वरच्या वापरायच्या साठ्याच्या मापाने मोजतात), म्हणजे या तळातलं तीसेक टीएमसी पाणी उपसलं गेलं. पुढच्या पावसात धरण भरलं आणि सगळे विसरून गेले.

आपल्या भाषणांत ‘शाश्वत विकास’ हा शब्द नेहमी असतो. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने त्याचा अर्थ सांगितला: आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांची गरज मारायची नाही. सोलापूरच्या भाषेत सांगायचं तर पावसानं दिलं तेवढंच खर्चायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. हे आता जमणार नाही असं जाणती माणसंही म्हणतात. मला ते पटत नाही, कारण हा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या तसाच जगलाय. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरायची, ती जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर यायची. घरात भाकरी आणि गोठ्यात कडबा, दोन्हीची सोय व्हायची. त्या ज्वारीला आज भौगोलिक मानांकनही आहे.

मग माझ्या मामांनी दोन एकर ज्वारी मोडून ऊस का लावला? मी विचारलं तेव्हा म्हणाले, “उसाचं बिल येतं रे. ज्वारी घालायची कुणाला?” त्यांचं काय चुकलं, सांगा. ऊस गाळपाला गेला की चौदा दिवसांत पैसे द्यायचे, असा कायदा आहे. बिलं थकतात, तरी मागायला कायद्याचा आधार असतो. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण खळ्यावरचं पोतं त्या भावाने उचलणारा भेटत नाही. वर्ष-दीड वर्ष रानात उभं राहून पाणी पिणारं पीक आपणच भरवशाचं करून ठेवलंय.

ठिबक करा, असं सांगितलं जातं. जरूर करावं. पण आमच्या शिवारात ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊसच उभा राहिला. धरणातून जायचं तेवढं पाणी गेलंच.

म्हणून दोन गोष्टी मागतो. मृतसाठ्याला पिण्याखेरीज कशासाठीही हात लागणार नाही, असा लेखी आदेश काढा आणि त्यातलं किती पाणी कुठे गेलं हे दर आठवड्याला लोकांपुढे मांडा. दुसरी गोष्ट आपल्या खात्याची नाही, तरी मंत्रिमंडळात आग्रह धरा: मंगळवेढा, मोहोळ, बार्शीत रब्बी ज्वारीची खरेदी केंद्रं सुगीच्या आधी उघडा आणि चौदा दिवसांचा नियम ज्वारीलाही लावा.

मामांचं रान पुढच्या हंगामात मोकळं होतंय. काय पेरायचं, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

आपला,
सोलापूरचा एक रहिवासी