बाकीचं चिपळूण

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी नववीत होते. आजोबांनी भिंतीवर २००५च्या पुराची रेघ मारून ठेवली होती. सामान तिच्या वर चढवलं की भीती नाही, असा आमचा हिशेब. पाणी रेघेच्याही वर गेलं. आता भिंतीवर दोन रेघा आहेत.

ऑक्टोबरात शाळा उघडल्यावर तुम्ही पुरावर निबंध न देता गोष्ट लिहायला सांगितलीत. माझ्या गोष्टीतली मुलगी एकटीच ढग परतवून लावायची. वाचून तुम्ही एवढंच विचारलंत, "बाकीचं चिपळूण कुठं गेलं गं?"

बाई, मला तेव्हा फार राग आला होता. पण त्या प्रश्नानेच मला वही घेऊन आळीत फिरायला लावलं. शेजारच्या काकूंनी गच्चीवर अडकलेल्यांना दोन दिवस पुरवून पुरवून पेज वाढली होती. बाजारपेठेत लोक एकमेकांच्या दुकानातला चिखल उपसत होते. पुढे नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण झालं, त्यात माझे बाबाही बसले. माझ्या गोष्टीत यातलं कुणीच नव्हतं. ती मी पुन्हा लिहिली, आणि तुम्ही शाळा सुटल्यावर थांबून ओळ न् ओळ माझ्यासोबत वाचलीत.

आज हे लिहितेय, कारण पुण्यात कायदा शिकताना वानुआतू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशाची हकिकत वाचली. २०१९मध्ये तिथल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं, हवामानबदलाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. आधी त्यांनी पॅसिफिकमधल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतू सरकारने तो प्रश्न उचलला, मार्च २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत न्यायालयाचं मत मागणारा ठराव झाला आणि २३ जुलै २०२५ला न्यायालयाने एकमताने सांगितलं की, हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. हे मत सल्ल्याचं आहे, बंधनकारक नाही, हे मला कळतं. तरीही वाचताना डोळे भरून आले. आमच्या पुराला त्या दिवशी चार वर्षं आणि एक दिवस झाला होता. आणि त्या २७ जणांत ढग परतवणारं कुणीच नव्हतं. ते दारोदार जाऊन लोकांना सोबत घेत होते.

ही हकिकत वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू आला. तो प्रश्न विचारल्याबद्दल, आणि माझा राग ओसरेपर्यंत थांबल्याबद्दल, मनापासून आभार.

सध्या नवी गोष्ट लिहितेय. आजोबांच्या दोन्ही रेघा त्यात आहेत, काकूंची पेजही आहे. दिवाळीत वही घेऊन येते.

तुमची विद्यार्थिनी