लिलीचा बुके आधी घराबाहेर काढ

लातूर

प्रिय दत्ता,

तुझा बाल्कनीचा फोटो बघितला, झाडं एक नंबर लावलीस गड्या, पण मनी मांजरीच्या तोंडातून लाळ गळायलीय म्हणतोस आणि फोटोत मनीप्लांटचं पान कुरतडलेलं दिसायलंय, म्हणलं फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवावं.

मनीप्लांटचं लई टेन्शन घेऊ नको. मनीप्लांट, डिफेनबॅकिया, सिंगोनियम, पीस लिली, ह्यांच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक टोकदार स्फटिक असतात, अळूनं घसा खाजतो तो पण ह्यांच्यामुळंच. चावलं की लगेच टोचतात, म्हणून मांजर लाळ गाळते, पंजानं तोंड घासते, खायला जाते आणि नुसता वास घेऊन मागं फिरते. एखादी उलटी पण होते. तोंड ओल्या फडक्यानं पुसून घे, पाणी ठेव. जीभ सुजली नाहीतर श्वासाला त्रास व्हायला लागला तर मात्र सरळ दवाखाना.

मला खरी धास्ती टीपॉयवरच्या त्या बुकेची आहे. वास्तुशांतीला कुणीतरी दिलेला दिसतोय, त्यातली ती मोठी गुलाबी फुलं खरी लिली आहेत, पीस लिलीसारखी नुसती नावाची नाही. मांजरासाठी तिचं पान, फूल, फुलदाणीतलं पाणी सगळंच विष, अगदी पराग अंगाला लागले आणि तिनं अंग चाटलं तरी पुरतं. सुरुवातीला उलट्या होतात, कोपऱ्यात जाऊन बसते, खात नाही. मग उलट्या थांबतात आणि घरचे म्हणतात झाली बरी, पण आतून किडनी जायला लागलेली असते. आधी पाणी लई पिते, लघवी जास्त करते, मग एक ते तीन दिवसांत लघवीच बंद. तेव्हा नेऊन फारसा उपयोग नसतो रे. त्यामुळं लिली चाटल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट बघायची नाही, लगेच न्यायचं, सलाईन जितकं लवकर लागेल तितकं बरं.

आणि दारातली ती ताडासारखी कुंडी सायकस असेल तर ती पण काढ, तिच्या बिया सगळ्यात वाईट, लिव्हरच जातं. ओठ वर करून हिरड्या बघायची सवय लाव, एरवी गुलाबी असतात, पिवळ्या दिसल्या की लिव्हर बिघडलं समजायचं. कण्हेर आणि अडेनियम हृदयावर जातात.

आईला सांग, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, आणि पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, मांजराला तेच विष आहे. जाताना झाडाचं पान पिशवीत घाल, उलटीचा फोटो काढ, किती वाजता खाल्लं ते लिहून ने. आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला, मांजराचं रक्त तपासा, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, बघा हे आपणच म्हणावं लागतं. तुमच्या परभणीत व्हेटर्नरी कॉलेज आहे ते बरं, तिथला नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेव.

हिरवं चावायची हौसच असेल तर घटाला पेरतो तसे गहू एका ट्रेमध्ये पेरून दे. स्पायडर प्लांट, अरेका पाम राहू दे, त्यानं काही होत नाही.

सोयाबीन निघालं की चक्कर मारतो. सायकसचा जवळून फोटो टाक आधी.

तुझा,
बाळू