ताई, आधी कागद बघायला लावलेत, म्हणून हे घर झालं

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

स्पेनमधल्या एल कांपेयोच्या घराचं खरेदीखत रजिस्टरात नोंदलं जाऊन परवा हातात आलं. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय आलिकान्ते आणि व्हॅलेन्सियात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आणखी काही मराठी कुटुंबं आता भाड्याचं घर सोडून स्वतःचं घ्यायच्या विचारात आहेत. तुम्ही आमच्यासाठी काय काय केलंत, ते त्यांनाही कळायला हवं.

आम्हाला पहिल्यांदा आवडलेला फ्लॅट अगदी किनाऱ्याला लागून होता. दार उघडलं की समोर भूमध्य समुद्र. एजंट सांगत होता, दोन दिवसांत इसार द्या, गिऱ्हाईक रांगेत आहे. इसार म्हणजे इथल्या रिवाजाप्रमाणे किमतीच्या सुमारे १०%. दिवाणी संहितेच्या कलम १४५४ नुसार केलेल्या 'आरास' करारात खरेदीदार मागे हटला तर ती रक्कम बुडते आणि विकणारा हटला तर त्याला दुप्पट परत करावी लागते. एवढे पैसे अडकवण्याआधी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "समुद्र कुठे पळून जात नाही. आधी कागद बघू."

त्या संध्याकाळीच तुम्ही १०-११ युरो भरून मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा 'नोता सिंप्ले' उतारा काढलात. आपल्या सातबाऱ्यासारखाच तो: मालक कोण, क्षेत्रफळ किती, बँकेचा बोजा आहे का. सगळं स्वच्छ होतं. एजंटच्या मते काम तिथेच संपलं होतं. तुम्ही मात्र म्हणालात, "हा कागद मालक सांगतो, किनाऱ्याची हद्द सांगत नाही," आणि सरकारच्या किनारा विभागाकडे त्या इमारतीबद्दल लेखी विचारणा करायला लावलीत.

यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. स्पेनच्या १९८८ च्या किनारा कायद्याने समुद्रालगतची जमीन सार्वजनिक ठरवली. त्या हद्दीत आधीपासून उभ्या असलेल्या कित्येक घरांच्या मालकांकडे आता मालकी हक्क नाही, फक्त मुदतीचा वापरपरवाना आहे. २०१३ च्या दुरुस्तीने ती मुदत जास्तीत जास्त ७५ वर्षांपर्यंत वाढवली, पण मुदत ती मुदतच. याशिवाय किनाऱ्याच्या कडेपासून जमिनीच्या बाजूला १०० मीटरचा संरक्षण पट्टा आहे. कायदा आला तेव्हाच शहरी असलेल्या भागात तो २० मीटरचा. त्या पट्ट्यातल्या जुन्या घराची डागडुजी करता येते, पण घर वाढवता येत नाही. मी मालवणची, सीआरझेडच्या, म्हणजे आपल्याकडच्या किनारा नियमांच्या, भांडणांच्या बातम्या ऐकत वाढले. तरी परक्या देशात हा प्रश्न नेमका कोणत्या खिडकीवर विचारायचा, हे सांगणारं माणूस लागतंच.

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. इमारतीचा पुढचा भाग संरक्षण पट्ट्यात आणि तळमजल्याची बाग थेट सार्वजनिक हद्दीत, असं त्या पत्रात स्पष्ट होतं. आम्ही तो फ्लॅट सोडला. तोवर एजंटचे किती फोन आले असतील! प्रत्येक वेळी तुम्ही शांतपणे एकच सांगत होतात: थांबा.

मग मागच्या रस्त्यावरचा हा फ्लॅट. समुद्र इथूनही दिसतो, फक्त दोन इमारतींच्या मधून. इथे तुम्ही सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं मागवलीत. तुमच्या जेवणाच्या टेबलावर पोहे खात आपण ती वाचत होतो. म्हणजे वाचत तुम्ही होतात, मी पानं उलटत होते. एका इतिवृत्तात शेवटच्या 'इतर विषय' या मथळ्याखाली दोनच ओळी होत्या: खाऱ्या हवेने गॅलऱ्यांच्या काँक्रीटमधल्या सळ्या गंजल्या आहेत, दुरुस्तीचा अंदाज मागवावा. तुम्ही त्यावर पिवळा हायलायटर फिरवलात. अशा कामासाठी सोसायटी जादा वर्गणी काढते, तिला इथे 'देर्रामा' म्हणतात, आणि हप्त्याच्या वेळी ज्याच्या नावावर घर असेल त्याच्याकडे मागणी येते. तुम्ही इसाराच्या करारात कलम घालायला लावलंत: खरेदीखताआधी देर्रामा मंजूर झाला तर तो विकणाऱ्याने भरायचा. तो मंजूर झाला आणि त्यांनीच भरला. सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखलाही तुम्ही आग्रहाने घेतलात, कारण चालू वर्षाची आणि आधीच्या तीन वर्षांची थकबाकी घराबरोबर नव्या मालकाकडे येते.

माझ्या बाबांनी दिलेले पैसे भारतातून एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यामार्फत आणताना सीएच्या प्रमाणपत्रापासून बक्षीसपत्राच्या स्पॅनिश भाषांतरापर्यंत सगळं तुम्हीच क्रमाने लावून दिलंत. इथल्या बँकेने पैशाचा उगम विचारला तेव्हा फाईल तयार होती.

नोटरीकडचा दिवस तर मी विसरणारच नाही. नोटरी खरेदीखत मोठ्याने वाचत होते आणि तुम्ही शेजारी बसून प्रत्येक परिच्छेद मला मराठीत सांगत होतात. मला कामापुरतं स्पॅनिश येतं, पण कायद्याची भाषा वेगळी. विकणारे ब्रिटनमध्ये राहणारे, म्हणजे इथले अनिवासी, म्हणून किमतीच्या ३% रक्कम आम्ही कापून महिन्याच्या आत कर खात्यात भरायची होती. ते न भरल्यास बोजा घरावर येतो, हे तुम्ही आठवडाभर आधीच समजावलं होतं आणि बँकेचे चेक त्या हिशोबानेच काढून ठेवले होते. वाचन चालू असतानाच तुम्ही हात वर केलात. तळघरातल्या सामानाच्या खोलीचा नंबर मसुद्यात चुकला होता. नोटरींनी उतारा पुन्हा पाहिला, मान डोलावली आणि पान बदलून छापून आणलं. तुम्ही नसतात तर शेजाऱ्याच्या खोलीची चावी आमच्या नावावर लागली असती.

अजूनही पुण्याहून फोन येतात, "घर घेतलं की व्हिसा मिळतो ना?" तो ५ लाख युरोंचा मार्ग ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला, हे आता मीच सांगते. बाकीच्या प्रश्नांसाठी तुमचा नंबर मागतात. तुम्हाला विचारल्याशिवाय मी तो कुणालाच दिलेला नाही.

तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत. ऑफिसातून रजा काढून आलात, ट्रामचं तिकीटसुद्धा काढू दिलं नाहीत. याची परतफेड होणार नाही आणि ती करायचा प्रयत्न मी करणार नाही. फक्त येत्या रविवारी भावोजींना घेऊन जेवायला या. बाजारात ताजा बांगडा मिळतो, आईने तिरफळं पाठवली आहेत आणि गॅलरीचं काम संपल्यामुळे बाहेर बसता येईल. नाही म्हणू नका.

तुमची,
एल कांपेयोची मालवणकरीण