तांबूस व्हाळ

पुणे,
नागपंचमी

प्रिय सुहास,

तुझ्या व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, फोटो पाहिला; पाणी खरंच तांबूस दिसतंय. हे पाणी चिरेखाणीचं, जांभा दगडाच्या खाणीतली माती मिसळलेलं असणार, असं तुझा भाऊ म्हणतोय. त्याला म्हणावं, काचेच्या ग्लासात भरून रात्रभर ठेव. माती असेल तर पाणी गढूळ दिसेल, गाळ तळाला बसेल. कोऱ्या चहासारखं आरपार दिसूनही तांबूस राहिलं, तर बहुधा तो कुजलेल्या पानांचा अर्क. आम्ही लॅबमध्ये 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी गाळतो. त्यातूनही खाली उतरतो तो विरघळलेला सेंद्रिय कार्बन.

झाडी दाट म्हणजे कार्बन जास्त, असं सरळ गणित नाही. पाणी कुठे थांबतं, हे आधी बघायचं. घाटाच्या उतारावर ते पानांपाशी रेंगाळतच नाही. आणि जे जमिनीत मुरतं, त्यातला बराच अर्क लाल मातीतली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं धरून ठेवतात. तुझ्या रायेखालच्या दलदलीत उलट. पाणी साचलं की ऑक्सिजन संपतो, पानं अर्धवट कुजतात आणि पाऊस खालच्या मातीत न शिरता त्या पाचोळ्यातूनच व्हाळाला मिळतो. म्हणून व्हाळाला चिकटलेली छोटी पाणथळही सगळ्या पाण्याला रंग देते; सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, सुटं डबकं, कितीही मोठं असलं तरी, तेवढं देत नाही.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅल्व्हर्ट नावाचं बेट आहे. तिथल्या सात छोट्या पाणलोटांतून दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला सरासरी 33 टन असा कार्बन समुद्रात जातो, म्हणजे हेक्टरी 330 किलो! जगात सर्वांत जास्त मोजलेल्यांपैकी हा आकडा, आणि बहुतेक सगळा पावसाळी महिन्यांतला. पण तो आपल्याला लावू नकोस. तिथे थंडीमुळे पाचोळा शतकानुशतकं साचून राहतो. कोकणातल्या उकाड्यात तो भराभर कुजतो.

पुढे खाडीत खारं पाणी लागलं की यातला काही भाग लोहासकट गुठळ्या होऊन खाली बसतो. उरलेल्यावर जिवाणू जगतात, शिवाय कांदळवन आपली भर घालतंच.

गंमत म्हणजे आमच्या मुळशीचं पाणीही तुमच्याच समुद्राला मिळतं. मुळा पूर्वेला वाहणारी, पण धरणातलं पाणी वीज करायला खाली कोकणात भिऱ्याला उतरवतात आणि ते कुंडलिका नदीतून रेवदंड्याला समुद्रात जातं. फक्त जलाशयात मुक्काम लांबतो, तेवढ्यात ऊन आणि जिवाणू त्याचा रंग बराच उतरवतात.

आता मुद्द्याचं. दलदलीत चर मारून सुपारी लावायचा भावाचा बेत मला अजिबात पटत नाही. पाणी उतरलं की हवा आत शिरते आणि इतकी वर्षं अडकलेला कार्बन झपाट्याने कुजून हवेत जातो. तुमच्याच तालुक्यातल्या बांबर्ड्याची रानजायफळाची दलदल 2021 साली जैवविविधता वारसा स्थळ झाली. तुमच्याकडे रानजायफळाची अशी गुडघ्यासारखी वर आलेली मुळं दिसतात का, ते आधी बघ.

आणि मला बाटल्या पाठव. एक दलदलीच्या वरून, एक खालून. एकदा मोठ्या सरीनंतर लगेच आणि एकदा उघडीप पडल्यावर. धुतलेल्या काचेच्या बाटल्या घे, कागदात गुंडाळून उजेडापासून जप आणि बर्फात ठेव. रात्रीच्या एसटीने कुणी येणार असेल तर त्याच्याकडे दे, मी स्वारगेटला उतरवून घेईन.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद