राजेहो, कूलर चालू करायच्या आधी हे वाचा

रविवारी सकाळी ६ वाजता सगळ्यांनी कूलर धुवायला गच्चीवर यायचं, नंतर ऊन इतकं तापते की पाय ठेवता येत नाही. कूलरची टाकी फक्त रिकामी करून भागत नाही बरं का, डेंग्यूचा मच्छर साफ साचलेल्या पाण्यात कडेकडेनं अंडी चिकटवतो, ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत नवीन मच्छर तयार, म्हणून आतून ब्रशनं घासायचीच. जुनं गवत काळं पडलं असंल तर बदला, त्या वासात अभ्यास कोण करते बापा! आणि मागच्या कोपऱ्यातल्या कूलरचा फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा) बिघडलाय, रात्रभर पाणी जिन्यावरून वाहून राह्यलं, कोणाला काही पडलेलंच नाही. हे पाणी पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी धरणातून येते, फुकटात नाही. नवीन फ्लोट बसेपर्यंत तिथं पाइप लावून झोपायचं नाही, बादलीनं भरा. टाकीतलं जुनं पाणी गेटजवळच्या कडुनिंबाच्या रोपांना टाकायचं. पेपर सोमवारी आहे माहीत आहे, तासाभराचंच काम आहे. तारेचा ब्रश ज्याच्याकडं असंल त्यानं इथंच सांगा, म्हणजे दुसरा घ्यावा लागणार नाही. प्लग काढूनच टाकीत हात घाला.