‘द फ्रॅजाइल’ला फसलेला म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडवर अर्धं पान बघून खूप आनंद झाला, मराठी पेपरात या बँडचं नाव येतंच कुठे. पण त्यातच 1999 च्या ‘द फ्रॅजाइल’ला एका ओळीत ‘फसलेला डबल अल्बम’ म्हणून निकालात काढलंय, ते वाचून खरंच वाईट वाटलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

लेखात पुरावा काय, तर अल्बम पहिल्या आठवड्यात अमेरिकेत नंबर एकवर आला आणि दुसऱ्याच आठवड्यात सोळावर घसरला. आकडे खरे आहेत, पहिल्या आठवड्यात 2 लाख 28 हजार कॉपी गेल्या आणि पुढच्या आठवड्यात धाडकन खाली. पण साहेब, आधीचा मोठा अल्बम आला होता 1994 ला, लोक पाच वर्षं वाट बघत होते, ते पहिल्याच आठवड्यात दुकानात धावले, आणि नंतर रेडिओवर दिवसभर वाजेल असं सोपं गाणं त्यात नव्हतंच, मग दुसऱ्या आठवड्यात नवा माणूस येणार कुठून? यावरून विक्री कशी झाली ते कळतं, अल्बम कसा आहे ते कसं कळणार?

समीक्षकांचंही तेच. लेख वाचून वाटतं की सगळ्यांनी मिळून झोडपलं. तसं झालेलं नाही. पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटने दहापैकी दोन मार्क दिले हे खरं, शब्दांची टिंगल केली हेही खरं, पण त्याच वर्षी स्पिन मासिकाने याच अल्बमला वर्षातला सगळ्यात चांगला अल्बम ठरवलं, ते लेखात कुठेच नाही. आणि 2017 मध्ये पिचफोर्कनेच नव्याने परीक्षण लिहून अल्बमला मान दिला. अल्बम तोच होता, ऐकणाऱ्यांना वेळ मिळाला एवढाच फरक.

मला स्वतःलाही वेळ लागला. मामेभाऊ अमेरिकेहून येताना ती दोन सीडींची जोडी घेऊन आला होता, मी तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंगला. 23 ट्रॅक, जवळजवळ पावणेदोन तास, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोकं उठलं आणि मी सीडी ठेवून दिली. मग दिवाळीच्या सुट्टीला रात्रीच्या एसटीने पुण्याला येताना डिस्कमनमध्ये तेवढीच सीडी होती म्हणून सलग ऐकली, आणि कराडच्या पुढे कुठेतरी पहिल्या सीडीवरचा अकरावा ट्रॅक लागला, ‘ला मेर’. पियानोवर तेच तेच चार-पाच सूर फिरत राहतात, मग खालून बासचा जाड सूर येतो, एक बाई हैतीच्या क्रिओल भाषेत काहीतरी कुजबुजते, मग ड्रम. बस्स. या बँडचा कर्ताधर्ता ट्रेंट रेझनर अगदी खचलेला असताना कॅलिफोर्नियात बिग सरला समुद्राकाठी जाऊन राहिला होता, तिथली ही धून. आणि गंमत बघा, दुसऱ्या सीडीवर दुसऱ्याच ट्रॅकमध्ये तीच धून परत येते, आता तारांवर, मग तिच्याखाली नाचायला लावेल असा ठेका सुरू होतो. ‘द फ्रेल’ नावाच्या छोट्याशा पियानोच्या तुकड्यातली धूनही अशीच दोन ट्रॅक सोडून अल्बमच्या नावाच्या गाण्यात उगवते. म्हणजे हा माणूस 23 सुटी गाणी देत नव्हता, एकच लांब गोष्ट सांगत होता, आणि ट्रॅकचा क्रम लावायला त्याने बॉब एझ्रिनला बोलावलं होतं, पिंक फ्लॉइड बँडच्या ‘द वॉल’ अल्बमचा निर्माता. अशी वस्तू रिलीजच्या आठवड्यात डेडलाइनवर ऐकून मार्क कसे द्यायचे?

मी गेली वीस वर्षं भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथे. पॉवर प्रेस चालू असताना ठोका कानात नाही, पायात आधी येतो, आणि डाय (साचा) जरा सैल असली तर त्याच ठोक्यात एक किरकिर मिसळते, जुना ऑपरेटर ती पाठमोरा उभा राहून ओळखतो. इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांसारख्या आवाजांचं हे संगीत, नुसता गोंगाट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अल्बम असा ऐकावा. रेझनर आणि सहनिर्माता अ‍ॅलन मोल्डर यांनी न्यू ऑर्लिन्सच्या स्टुडिओत (ती जागा आधी फ्युनरल होम होती, म्हणजे अंत्यविधीची तयारी करतात तशी) ती किरकिर मुद्दाम ठेवलीय. चेलो, युकुलेली अशी स्वतःला नीट वाजवता न येणारी वाद्यंसुद्धा रेझनरने हातात घेतली, सूर थोडा हलतो, तार घासल्याचा आवाज येतो. नाव ‘फ्रॅजाइल’ म्हणजे तडकेल असं, आणि ते नुसत्या शब्दांत नाही, आवाजातच आहे.

सगळंच उत्तम आहे असं माझं म्हणणं नाही. शब्द काही ठिकाणी कच्चे आहेत, दुसरी सीडी मध्यावर रेंगाळते, दोन-तीन गाणी कमी चालली असती. पण त्याच सीडीवर एक हळू गाणं आहे, क्लारासाठी म्हणून. क्लारा म्हणजे रेझनरची आजी. आईवडील वेगळे झाल्यावर पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर गावात आजी-आजोबांनी त्याला वाढवलं, आणि हा अल्बम येण्याआधी ती गेली. मीही आजीच्या हातचाच. माझी आजी 2001 ला गेली, बाराव्याच्या रात्री सगळे झोपल्यावर मी माळ्यावर बसून ते एकच गाणं परत परत लावलं. इंग्रजी तेव्हा माझं बेताचंच, तरी एकही ओळ समजावून घ्यावी लागली नाही.

आणि या अल्बमची किंमत त्या माणसाने खरोखर मोजलीय. अमेरिकेतला पुढचा दौरा त्याने खिशातनं पैसे घालून केला, 2000 साली लंडनमध्ये ओव्हरडोसमधून वाचला, त्यानंतर नशा सोडली, आणि बँडचा पुढचा स्टुडिओ अल्बम थेट 2005 ला. 2016 मध्ये याच कामातले 37 ट्रॅक गाण्याच्या ओळींशिवाय वेगळे काढले, म्हणजे सतरा वर्षांनीसुद्धा त्याला ते टाकून देववलं नाही.

तुमचा लेख वाचून एखाद्या कॉलेजच्या पोराने हा अल्बम यादीतनं काढला असेल तर त्याच्यासाठी तेवढं छापा: पहिल्या सीडीचा अकरावा ट्रॅक आणि दुसऱ्या सीडीचा दुसरा, लागोपाठ, हेडफोन लावून, रात्री. बाकीचे एकवीस त्याला पाहिजे तेव्हा ऐकू दे.

आपला नियमित वाचक,
भोसरी, पुणे